तुम्ही विचारलंत म्हणून: सोडून गेलेल्याचं अकाउंट डिलीट का करत नाही?

एका कंपनीचं गूगल वर्कस्पेस, म्हणजे ऑफिसचं जीमेल, ड्राइव्ह वगैरे, मी सांभाळते. बिल आलं की हिशेबखात्यातून हमखास विचारणा होते, "मॅडम, तो माणूस कधीच गेला, मग त्याच्या लायसन्सचे पैसे अजून का भरतोय? डिलीट करून टाका ना." प्रश्न रास्त आहे. अकाउंट सस्पेंड केलं तरी लायसन्स चालूच राहतं.

सस्पेंड केल्यावर त्या माणसाचं लॉगिन बंद होतं, पण त्याने शेअर केलेल्या फायली बाकीच्यांना दिसत राहतात. मालकी दुसऱ्याच्या नावावर न करता डिलीट केलं, तर त्याच्या माय ड्राइव्हमधलं, म्हणजे त्याच्या स्वतःच्या नावावरच्या फायलींच्या जागेतलं, सगळं जातं. ज्या शीटमध्ये अख्खं डिपार्टमेंट रोज डिस्पॅच भरतं, तीसुद्धा. अकाउंट परत आणायला २० दिवस मिळतात. पण तीन महिन्यांतून एकदा लागणारी फाइल तेवढ्यात कुणाला आठवणार? म्हणून आधी सस्पेंड, मग मालकी बदलायची, मग डिलीट. टीमचं काम शेअर्ड ड्राइव्हवर असेल तर एवढं करावंच लागत नाही, तिथल्या फायली कंपनीच्याच असतात.

सस्पेंड मात्र मी शेवटच्या दिवशी संध्याकाळीच करते. मे २०२१ मध्ये अमेरिकेतली कलोनियल पाइपलाइन ही मोठी इंधनवाहिनी काही दिवस बंद पडली. हल्लेखोर शिरले होते वापरात नसलेल्या एका व्हीपीएन (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये यायची वाट) अकाउंटमधून. त्याला पासवर्ड होता, ओटीपीसारखी दुसरी पडताळणी नव्हती.

शेवटच्या साइन-इनची तारीख बघून सरसकट अकाउंटं बंद करण्याच्या मात्र मी विरोधात आहे. कुणी बाळंतपणाच्या रजेवर असतं, कुणाच्या फोनवर लॉगिन कायम उघडं असतं, त्यामुळे तारीख जुनी दिसते. आधी विचारावं.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो ग्रुपमध्ये, म्हणजे फायलींची परवानगी एकत्र देता यावी म्हणून केलेल्या पत्त्यांच्या यादीत. परवानगी माणसाच्या नावाने देऊ नका, ग्रुपला द्या, असं मी सगळ्यांना कळकळीने सांगते. म्हणजे माणूस गेला की एका ठिकाणचं नाव काढून भागतं. पण ग्रुपमध्येही नावं साचतात. खरेदीतून सेल्सला गेलेला माणूस खरेदीच्या ग्रुपमध्ये तसाच राहतो आणि त्याला व्हेंडरचे रेट दिसत राहतात. त्याचं अकाउंट तर चालू आहे, त्यामुळे निष्क्रिय अकाउंटांच्या यादीत तो कधीच येत नाही. इंटर्नचं तर विचारूच नका. ऑफिसचा आयडी मिळेपर्यंत कुणीतरी त्याचं घरचं जीमेल ग्रुपमध्ये टाकतं. पुढे तो जातो, ऑफिसचं अकाउंट सस्पेंड होतं, घरच्या जीमेलवर फायली उघडतच राहतात.

म्हणून दर तिमाहीला मी प्रत्येक ग्रुपची यादी त्या त्या खात्याच्या मॅनेजरकडे पाठवते आणि प्रत्येक नावापुढे कारण लिहून मागते. बाहेरचे पत्ते सगळ्यात वर, ठळक अक्षरांत. ज्या नावापुढे कारण येत नाही ते मी काढते. लागलंच कुणाला तर फोन येतो, आणि पाच मिनिटांत परत टाकता येतं.