पत्तागोबी बिचारी निर्दोष आहे

मागच्या महिन्यात मामेभावाच्या पोराला शाळेत फिट आली. वय ११, कधी साधा ताप नाही, प्रार्थनेच्या लायनीत उभ्या उभ्या पडला, हातपाय आखडले, तोंडाला फेस. गाव उमरेडच्या पलीकडे, कोणी कांदा हुंगवला कोणी चप्पल, शेवटी गाडी करून नागपूरला आणलं, धंतोलीत दाखवलं, एमआरआय केला. मेंदूत एक छोटी रिंग आणि आत ठिपका. पट्टकृमीच्या, म्हणजे डुकरामार्फत पसरणाऱ्या चपट्या लांब जंताच्या, अळीची गाठ. न्यूरोसिस्टिसर्कोसिस म्हणतात, मामी तर नाव ऐकूनच खाली बसली.

मग सुरू झालं पत्तागोबी पुराण. जो भेटायला येतो तो हेच, गोबीतली अळी डोक्यात चढते बाप्पा, माहीत नाही का. मामीने फ्रीजमधली गोबी फेकली. अरे ती हिरवी अळी पतंगाची असते, पोटात गेली तर पचून जाते, तिचा यात काही हात नाही.

मामीचा खरा प्रश्न वेगळाच होता. "काऊन जी डॉक्टर, आमी तं माळकरी, घरात अंडं बी येत नाही, हे डुकराचं दुखणं आमच्या पोराले कसं?"

इथेच सगळ्यांचा घोळ होतो, माझाही होता. डुकराच्या मटणात या कृमीच्या गाठी असतात, भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या, आणि ते कच्चट राहिलेलं मटण खाल्लं तर खाणाऱ्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो, २ ते ७ मीटर लांब, वर्षानुवर्षं राहतो आणि बहुतेकांना पत्ताही लागत नाही, फार तर कधी संडासात पांढरे चपटे तुकडे दिसतात. मेंदूत गाठ होते ती मटणाने नाही, त्या माणसाच्या विष्ठेतून पडणाऱ्या अंड्यांनी. एका तुकड्यात ५०,००० पर्यंत अंडी. ती ज्याच्या पोटात गेली त्याच्या रक्तातून अळी मेंदूत. म्हणजे खाल्लं एकाने, फिट दुसऱ्याला, आणि तो दुसरा माळकरीही असू शकतो.

अमेरिकेत ब्रुकलिनमध्ये १९९० च्या सुमारास कट्टर ज्यू लोकांमध्ये हेच झालं होतं, डुकराला हातही न लावणारे लोक! तिथे संशय गेला तो लॅटिन अमेरिकेतून आलेल्या स्वयंपाकाच्या बायांवर.

आता आमच्या गावाचं सांगतो. डुकरं मोकाट. नालीत लोळणार, उकिरड्यावर चरणार, आणि सकाळी लोक शेताकडे गेले की मागे मागे जाणार. घरोघरी संडास झाले हो, पण पाणी नसलं की त्यात गोवऱ्या. डुकराने ती विष्ठा खाल्ली की त्याच्या अंगात गाठी, ते कापायला कुठला तपासणीवाला येत नाही, झाडाखाली कापतात, चुलीवर घाईत शिजवतात, की चक्र पुन्हा सुरू. नालीच्या पाण्यावरचा सांबार, म्हणजे कोथिंबीर, आपण वरणावर कच्चाच टाकतो तो वेगळा. पण डॉक्टरांच्या मते सगळ्यात मोठी रिस्क म्हणजे घरातच किंवा शेजारी कृमी असलेला माणूस असणं, तो संडासहून येऊन साबण न लावता पीठ मळतो. जिथे डुकरं मोकाट फिरतात तिथल्या मिरगीच्या साधारण ३० टक्के केसेस यातूनच, असं डब्ल्यूएचओ सांगते.

अंगणवाडी-शाळेत जंताची गोळी मिळते ना, मग? ती मुख्यतः गोल जंतांसाठी, पट्टकृमीचं औषध वेगळं. आणि मनाने घेऊ नका, मेंदूत गाठ असेल तर औषधानेच फिट येऊ शकते. डुकरांसाठी लसही आहे, हैदराबादला बनते, पण मोकाट डुकराला धरून टोचणार कोण?

पोरगा आता ठीक आहे, फिटची गोळी चालू आहे, क्रिकेट बंद केलं म्हणून रुसलाय. डॉक्टरांनी घरच्या सगळ्यांची संडास तपासायला सांगितली. सहा डब्या आणल्या, पाच गेल्या. सहावी मामीची. "आमी तं माळकरी" म्हणून ती डबी अजून खिडकीत तशीच कोरी पडली आहे, आणि घरचा स्वयंपाक रोज मामीच करते.