भाऊबीज झाली की तारकर्ली

नागपूरकराला समुद्राला जायचं म्हणजे आधी भूगोलाशी भांडावं लागतं. झिरो माइलचा दगड आमच्याच गावात, त्यामुळे कुठलाही किनारा घ्या, तो लांबच. मुंबईकर शुक्रवारी रात्री ठरवून शनिवारी दुपारी अलिबागला जेवायला बसतो. आमच्याकडे हा विषय दरवर्षी एप्रिलमध्ये, पारा 42च्या वर गेला की निघतो आणि मृग लागला की विसरला जातो. यंदा तो विसरू द्यायचा नाही असं ठरवून मी सगळं स्वतःकडे घेतलं. आम्ही दोघं, दोन मुलं, सासू-सासरे आणि वर्ध्याची नणंद तिच्या मुलीसह, एवढा गोतावळा.

पहिली बैठक मनीषनगरच्या आमच्या हॉलमध्ये, कूलरसमोर. सासरे म्हणाले, "समुद्र कायले पाहिजे? फुटाळा काय वाईट आहे? चौपाटीच म्हणतात ना त्याले." त्यांचं हे वाक्य दरवर्षीचं आहे, त्यामुळे कोणी उत्तर दिलं नाही.

उन्हाळ्यात जायचं मी आधीच बाद केलं होतं. लोकांना वाटतं, नागपूरच्या उन्हातून सुटका म्हणून मे महिन्यात कोकण बरं. पण आमची सगळी सवय कूलरची, आणि कूलर कोरड्या हवेत काम करतो. किनाऱ्याच्या दमट हवेत तो नुसता आवाज करणारा पंखा. 44 अंशांतून 34 अंशांत जाऊनही माणूस घामाने निथळतो. इथे निदान घाम वाळतो तरी.

नवऱ्याने जूनचा मुद्दा काढला. विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, तेव्हा जूनच्या मध्यात रिकामी रिसॉर्टं स्वस्तात मिळतील, असा त्याचा हिशेब. मिळतात, खोटं नाही. पण 26 मे ते 31 ऑगस्ट मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद, स्नॉर्केलिंग-स्कूबा बंद. 1 जून ते 31 जुलै मासेमारीही बंद, म्हणजे ताटात येणारा मासा बर्फातला. त्यात जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात तळकोकणात पाऊस उतरतो. अर्ध्या भाड्यात खोली घेऊन समुद्र बघायचा तो खिडकीतून. म्हणून दिवाळीची सुट्टी, भाऊबीज आटोपल्यावर.

आता कुठे जायचं? विशाखापट्टणमला जाणं आम्हाला खरं तर सर्वात सोपं. दिल्लीहून येणारी आंध्र प्रदेश एक्सप्रेस नागपूरवरून रोज जाते. पुरीही सोयीची, आणि जगन्नाथ म्हटल्यावर सासूबाई एका पायावर तयार. पण ऑक्टोबर-नोव्हेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा मोसम. 12 ऑक्टोबर 2014ला हुदहुद वादळ थेट विशाखापट्टणमवर आदळलं होतं. दरवर्षी तसं होत नाही हे मान्य, पण आठ माणसांची तिकिटं काढून रोज हवामानाच्या बातम्या बघत बसायची माझी तयारी नव्हती. गोवा मुलांना हवा होता, सासऱ्यांना नको होता. गणपतीपुळ्याला देऊळ, किनारा सगळं एका जागी, पण तिथला समुद्र पोहायला धोक्याचा. आमच्या मुलांना पाणी दिसलं की आवरणं कठीण. मालवणजवळच्या तारकर्लीवर एकमत झालं ते शेजारच्या देवबागमुळे. तिथे कर्ली नदी समुद्राला मिळते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला शांत खाडी. आणि किल्ला जवळ. शिवाजी महाराजांनी 1664 साली पाया घातलेला सिंधुदुर्ग पाचवीतल्या मुलाने पुस्तकात वाचलेला होता, तो त्याला प्रत्यक्ष बघायचा होता.

इथवर सगळेच येतात. इथून पुढे लोक रिसॉर्टचे फोटो बघायला लागतात, आणि माझं म्हणणं असं की नागपूरहून जाणाऱ्याने रिसॉर्ट सगळ्यात शेवटी बघावं. किती रात्री राहायचं हे आपण ठरवत नाही, ते रेल्वे ठरवते.

नागपूर-मडगाव विशेष गाडी आठवड्यातून दोनदा सुटते, बुधवारी आणि शनिवारी दुपारी. वर्धा, बडनेरा, अकोला, शेगाव करत भुसावळ, नाशिक, कल्याण, पनवेल आणि मग कोकण रेल्वेवरून दुसऱ्या दिवशी दुपारनंतर कुडाळ. परतीची गुरुवारी आणि रविवारी. म्हणजे दोनच पर्याय उरतात. बुधवारी निघून रविवारी परत, नाहीतर शनिवारी निघून गुरुवारी परत. रिसॉर्टवाल्यांची 'तीन रात्री-चार दिवस' पॅकेजं आपल्या या गणितात बसतीलच असं नाही. एवढा प्रवास करून मधे पुरते दोनच दिवस हातात येणार असतील तर कशाला जायचं, म्हणून शनिवार ते गुरुवार.

दुसरे मार्गही तपासले. विदर्भ एक्सप्रेसने सकाळी मुंबईत उतरायचं आणि रात्रीच्या कोकणकन्याची वाट पाहत सामानासकट दिवस काढायचा, हे म्हाताऱ्या माणसांना घेऊन नको. विमानाने गोवा गाठून मोपाहून मालवणला गाडीने जाता येतं. दिवाळीतलं आठ माणसांचं भाडं पाहिलं आणि तो पर्याय मुलांना कळायच्या आत बंद केला. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटर गुळगुळीत आहे, पण तो मुंबईच्या दिशेने नेतो, मालवण तिथून आणखी लांब. सासरे शक्तिपीठ महामार्गाचं नाव घेऊन पाहत होते. मी म्हटलं, "बाबा, तो होईल तेव्हा होईल, आपल्याले याच दिवाळीत जायचं आहे."

आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं 120 नाही. विशेष गाडीला तर तेही लागू पडेल याचा भरवसा नसतो. तिची मुदत टप्प्याटप्प्याने वाढवतात आणि नवा टप्पा जाहीर झाल्याशिवाय आपली तारीख दिसतच नाही. मधे काही दिवस मी रोज सकाळी चहा ठेवला की आधी मोबाइलवर तारीख बघायची आणि मग चहात साखर घालायची. गाडी दिसली त्या दिवशी लगेच तिकिटं काढली, पण एकत्र नाही. साठीच्या वरचे पुरुष आणि पंचेचाळिशीच्या वरच्या बायका यांना खालचा बर्थ मिळण्यासाठी वेगळा कोटा आहे, पण एका तिकिटावर जास्तीत जास्त दोघंच असले तर. सगळ्या खानदानाचं एकच तिकीट काढलं की तो कोटा गेला, आणि मग डब्यात अनोळखी पोरांना "बेटा, जरा वर जाशील का" म्हणत फिरा. म्हणून सासू-सासऱ्यांचं तिकीट वेगळं, आमचं वेगळं, नणंदेचं वर्ध्याहून वेगळं. ज्येष्ठांची भाडेसवलत 2020च्या मार्चमध्ये गेली ती परत आली नाही. त्यावर सासऱ्यांचं भाषण झालं, तेही ऐकून घेतलं.

तारखा हातात आल्यावर रिसॉर्ट. सीताबर्डीतल्या एका टूरवाल्याने 'सी-फेसिंग' म्हणून छान फोटो पाठवले होते. मी थेट तिथल्या माणसाला फोन लावला आणि विचारलं, "दारातून निघून वाळूवर पाय पडायला किती मिनिटं?" तर ते म्हणे, "गाडीने पाच." फेसिंग होतं ते खाडीचं. तेव्हापासून माझे प्रश्न ठरलेले. पायी किती? मधे रस्ता ओलांडायचा आहे का? तळमजल्यावर खोली आहे का, कमोड आहे का? लाइट गेली तर जनरेटरवर एसी चालतो की नुसता पंखा? ज्यादा गादीचे किती? आणि गाडी रद्द झाली तर आगाऊ रक्कम परत की पुढच्या तारखेला वळती? या शेवटच्या प्रश्नावर जो माणूस गडबडतो त्याचा नंबर खोडायचा.

शेवटी एका घरगुती रिसॉर्टच्या मालकीणबाईंशी बोलणं झालं आणि पाच मिनिटांत मला कळलं की जागा हीच. मी विचारलं, सासूबाई शाकाहारी आहेत, भात कमी खातात, दोन्ही वेळेला पोळ्या मिळतील का? त्या म्हणाल्या, "काळजी करू नकात. चपात्या करू, सकाळी घावणे करू, आजींना उकडीचे मोदक हवे तर आदल्या दिवशी सांगा." मग त्यांनीच उलट विचारलं, कुठल्या तिथीला येताय? मी कालनिर्णय काढलं. पंचमी ते अष्टमी. "मग छान," म्हणाल्या. "भांगाची भरती असते. पाणी उधाणासारखं वर येत नाही."

कोकणातला हिशेब त्यांनी फोनवरच शिकवला. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. पंचमी म्हणजे पाच गुणिले पाऊण, पावणेचार. अष्टमीला सहा. त्याच्या सहा तास आधी पूर्ण ओहोटी. म्हणजे आमच्या दिवसांत सकाळी पाणी मागे हटलेलं आणि वाळू लांबवर उघडी असणार. मुलांना खेळायला सकाळ, दुपारी पाणी वर चढायला लागलं की जेवण आणि झोप. सासूबाईंनी लगेच वही घेऊन चारही दिवसांच्या वेळा मांडल्या. एरवी त्यांचं कालनिर्णय एकादशी आणि दुधाच्या हिशेबापुरतं. या सहलीत त्या आमच्या बंदर अधिकारी झाल्या.

त्याच पानावर दुसरा पेच निघाला. सोमवारी नणंद मांसाहार करत नाही. गुरुवारी सासरे नाही, गजानन महाराजांचा वार. रविवारी पोचता पोचता संध्याकाळ. सगळ्यांनी मिळून सुरमई खायला मंगळवार आणि बुधवार, एवढेच दिवस उरले. सासूबाई म्हणाल्या, "समुद्र पाह्यले जाऊन राहिले का मासोया खाले?" नवरा म्हणाला, "दोन्ही." त्याने मालकीणबाईंना मेसेज करून टाकला, मंगळवारी सुरमई, बुधवारी तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, सोमवारी काही पाठवू नका.

मी आखणीत एक दिवस मुद्दाम मोकळा ठेवला होता, कशासाठी ते मलाही नक्की सांगता आलं नसतं. सोमवारी किल्ला, मंगळवारी खाडीतली सफर आणि संगम, बुधवार रिकामा. झालं असं की सोमवारी सकाळी मालवणच्या धक्क्यावर गेलो तर बंदरावर बावटा लागलेला, होड्या बंद. आभाळ भरून आलेलं, वारा सुटलेला. शेजारी उभं असलेलं पुण्याचं कुटुंब त्याच संध्याकाळी निघणार होतं. त्यांच्या वडिलांनी होडीवाल्याशी बरीच हुज्जत घातली. होडीवाला विडी विझवत एवढंच म्हणाला, "पाणी माझा ऐकत नाय, तुमचा काय ऐकतला?" त्याचं बरोबरच होतं. 2022च्या मे महिन्यात इथेच पर्यटकांची बोट उलटून दोन माणसं गेली. तेव्हापासून माझा नियम असा की जो होडीवाला न विचारता लाइफ जॅकेट देतो आणि त्याचे बंद स्वतः ओढून बघतो, त्याच्याच होडीत बसायचं. बुधवारी आम्ही किल्ल्यावर गेलो ते अशाच एकाबरोबर. मुलाने तटावरच्या लहान घुमटीतले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे शोधून काढले, आणि पुस्तकात हे का नाही म्हणून माझ्याशी भांडला.

गुरुवारी कुडाळला गाडी उशिरा होती. नणंद बाकावर बसून कोणी कोणाला किती द्यायचे याचा हिशेब करत होती. रिसॉर्टचं भाडं माणशी, रिक्षा निम्मी-निम्मी, सुरमई खाणाऱ्यांची. सासऱ्यांनी तेवढ्यात जाहीर केलं की पुढच्या खेपेला विशाखापट्टणम, गाडी रोज आहे, वारांची भानगड नाही.

"वादळाचं काय करता, बाबा?"

"डिसेंबरच्या शेवटी जाऊ ना. नाताळची सुट्टी राहते." मग सासूबाईंकडे वळून, "तुह्या कालनिर्णयात पाह्य बरं, तवा तिथी कोणती येते."