तुम्ही विचारलंत म्हणून: सगळं असिंकमध्ये लिहायचं का?

सुपर कॉरिडॉरवर टीसीएस-इन्फोसिस आल्यापासून इंदुरातल्या मराठी घरांत निदान एक तरी कोडवाला सापडतो. पूर्वी लग्नकार्यात मला गाठून लोक प्रिंटर का चालत नाही ते विचारायचे. आता त्यांची मुलं विचारतात, "काका, फास्टएपीआयमध्ये लिहिलं की साइट फास्ट होते ना?"

फास्टएपीआय ही पायथन भाषेत वेब सर्व्हर लिहायची चौकट. नावामुळे तसं वाटतं खरं. पण तुमचा कोड तेवढ्याच वेगाने चालतो. त्यातल्या 'असिंक' पद्धतीमुळे, म्हणजे उत्तर येईपर्यंत दुसरं काम हाती घेण्यामुळे, स्वस्त होतं ते वाट बघणं.

वेब ॲपचा बराचसा वेळ दुसऱ्याची वाट बघण्यात जातो. डेटाबेस उत्तर देईल, पेमेंट गेटवे हो म्हणेल, ओटीपी जाईल. जुन्या पद्धतीत प्रत्येक विनंतीमागे एक थ्रेड (प्रोग्रॅममधला कामाचा स्वतंत्र धागा) आणि उत्तर येईपर्यंत तो नुसता उभा. शंभर माणसांपर्यंत हे खपतं. एकाच मशीनवर दहा हजार जोडण्या आल्या तर काय, या प्रश्नाला डॅन केगेल यांनी 1999 मध्ये 'सी10के' असं नाव दिलं. लिनक्सचं ईपोल (कुठल्या जोडणीवर काही आलं ते सांगणारी सोय), 2004 मध्ये बाहेर आलेला एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आणि सर्व्हर लिहायची 2009 ची साधनं नोडजेएस व टोर्नेडो, ही सगळी त्याच वाटेवरची उत्तरं. पायथनमध्ये असिंक-अवेट 2015 मध्ये 3.5 आवृत्तीसोबत आलं: 'असिंक' फंक्शनच्या डोक्यावर, 'अवेट' जिथे वाट बघायची तिथे. फास्टएपीआय त्यानंतरचं, 2018 चं.

असिंकमध्ये सगळी कामं आळीपाळीने चालवणारा इव्हेंट लूप म्हणजे पंगतीतला एकटा वाढपी. तुम्ही भात संपवेपर्यंत तो पातेलं धरून तुमच्यासमोर उभा राहत नाही, पुढच्या पानाकडे जातो. (आमच्याकडे शेवेचंही पातेलं फिरतं, पुण्याच्या पाहुण्यांनी दचकू नये.) पण त्याला मध्येच ओढून नेणारं कुणी नसतं. तो अवेटच्या जागी आपणहून वळतो. एकाच व्याह्याला पोळीचा आग्रह करत तो थांबला, की अख्खी पंगत खोळंबते.

हल्लीच एका ओळखीच्या मुलाने नाटकाच्या तिकीट बुकिंगचा कोड दाखवला. बुकिंग सुरू झालं की साइट गोठायची. फंक्शनच्या डोक्यावर ठसठशीत 'असिंक डेफ', आणि आत एसएमएस पाठवायला 'रिक्वेस्ट्स डॉट पोस्ट'. रिक्वेस्ट्स ही दुसऱ्या सर्व्हरला विनंती पाठवणारी लायब्ररी असिंक नाही. एसएमएसवाल्याचा सर्व्हर सेकंदभर रेंगाळला, की त्या सेकंदात तो अख्खा वर्कर (सर्व्हर प्रोग्रॅमची एक चालू प्रत) बंद, नुसतं मुखपृष्ठ उघडणाऱ्यालाही. गंमत अशी की त्याने 'असिंक' शब्द खोडला असता तरी साइट सुधारली असती. साधा 'डेफ' दिसला की फास्टएपीआय ते फंक्शन आपोआप वेगळ्या थ्रेडवर चालवतं. आम्ही मात्र एचटीटीपीएक्स या तशाच दुसऱ्या लायब्ररीचा असिंक क्लायंट लावला आणि पुढे अवेट लिहिलं. पासवर्डचं बीक्रिप्ट (पासवर्डचं न उलगडणारं रूप काढणारं गणित) वेगळं काढलं, कारण तो मुद्दाम संथ ठेवलेला हिशेब आहे. तिथे प्रोसेसर राबत असतो, वाट बघणं नसतंच. त्यात असिंकचा काही उपयोग नाही.

अशी जागा डोळ्यांनी शोधत बसू नका. असिंकआयओ, म्हणजे पायथनची इव्हेंट लूपची लायब्ररी, तिचा डीबग मोड चालू करा. लूपला 100 मिलिसेकंदांपेक्षा जास्त अडवणारा तुकडा तो लॉगमध्ये लिहून देतो.

मग राहतो डेटाबेस, आणि माझ्या मते खरी मारामारी तिथेच असते. असिंक सर्व्हर हजारो विनंत्या हसत हसत आत घेतो, पण पोस्टग्रेस या डेटाबेसची जोडण्यांची मूळ मर्यादा 100 असते. चार वर्कर, प्रत्येकाचा पूल (डेटाबेसच्या उघड्या ठेवलेल्या जोडण्यांचा साठा) तीसचा, म्हणजे 120. गर्दीच्या वेळी वरच्या वीसेक जोडण्यांना एरर. वर्कर गुणिले पूल हा गुणाकार कागदावर करून मगच सर्व्हर चढवा. आणि इंडेक्स (डेटाबेसची शोधसूची) नसलेली क्वेरी दोन सेकंद घेत असेल, तर ती असिंकमध्येही दोनच सेकंद घेणार.

गिऱ्हाइकाला वेग जाणवतो अशीही एक जागा आहे. एका पानासाठी तीन बाहेरच्या सेवांना विचारायचं असेल, तर असिंकआयओचं गॅदर वापरून तिघांना एकदम विचारता येतं. प्रत्येकी एक सेकंद असेल तर तीनऐवजी साधारण एका सेकंदात काम होतं. चॅट, लाइव्ह स्कोअर, वेबसॉकेट (सतत उघडी राहणारी जोडणी) यांसाठी तर मी दुसरा विचारच करत नाही.

क्लासची फी, दुकानाचा स्टॉक, संस्थेची सभासद यादी असलं काही असेल, तर साधं जँगो (पायथनचीच जुनी वेब चौकट) आणि ते चालवणाऱ्या गनिकॉर्न सर्व्हरचे चार वर्कर पुरतात. डीबग करतानाही डोकं ठिकाणावर राहतं. जँगोतही 2020 च्या 3.1 पासून असिंक व्ह्यू (पान तयार करणारी फंक्शनं) लिहिता येतात, तेव्हा एखादंच पान लटकत असेल तर तेवढंच बदला. मात्र ते एएसजीआय (असिंक समजणाऱ्या) सर्व्हरवर चालवा, नाहीतर त्याचा पुरता फायदा मिळत नाही.