रक्तात कळते, तर तुकडा कशाला?

सांगलीत पॅथॉलॉजी लॅब चालवताना एक प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावा लागतो. दोन वर्षांपूर्वी तो जतकडच्या एका शेतकऱ्याच्या मुलाने विचारला होता. वडिलांच्या फुप्फुसात गाठ दिसली होती, मिरजेच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅनखाली सुईने तुकडा काढायला, म्हणजे बायोप्सी करायला, सांगितले होते, आणि मुलाच्या हातात कुठल्याशा तपासणी पॅकेजचा कागद होता, ज्यावर सीईए या रक्तातल्या प्रथिनाचा १८ हा आकडा ठळक छापलेला होता. तो म्हणाला, "मॅडम, रक्तातच सगळं कळतंय म्हणं आता. मग म्हाताऱ्याच्या छातीत सुई कशाला घालायची? हात लावला की पसरतंय म्हणत्यात." तुम्हीही हेच विचारता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण 'रक्ताची टेस्ट' या एकाच नावाखाली दोन अगदी निराळ्या तपासण्या लोकांच्या बोलण्यात एकत्र झाल्या आहेत. पहिली रक्तातली काही प्रथिने मोजते. त्यांना ट्यूमर मार्कर म्हणतात. दुसरी गाठीतल्या मेलेल्या पेशींतून रक्तात सुटलेले डीएनएचे तुकडे वाचते. पहिलीचा रिपोर्ट आमच्याकडे त्याच दिवशी मिळतो. दुसरीसाठी रक्त मोठ्या शहरातल्या लॅबला पाठवावे लागते आणि खर्चही कितीतरी पटींनी वाढतो. त्या मुलाच्या हातातला कागद पहिल्या तपासणीचा होता आणि त्याने ऐकलेली कीर्ती दुसरीची होती.

सीईए हे प्रथिन १९६५ साली मॉन्ट्रियलच्या फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये शोधले. गर्भाच्या आतड्यात ते भरपूर असते, जन्मानंतर अगदी नाममात्र उरते, आणि काही कॅन्सरच्या पेशी ते पुन्हा बनवू लागतात. बहुतेक लॅब ५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही मर्यादा धरतात, परंतु रोज बिडीचे बंडल संपवणाऱ्या धडधाकट माणसाचा आकडाही तिच्या वर जाऊ शकतो. यकृताचे जुने दुखणे, आतड्याची किंवा स्वादुपिंडाची सूज यांतही तो चढतो. उलट फुप्फुसात लिंबाएवढी गाठ असताना सीईए ३ आलेले रुग्ण मी पाहिले आहेत. त्यामुळे फुप्फुसाचा कॅन्सर आहे की नाही हे मार्करवरून ठरवता येत नाही, आणि तरीही 'फुल बॉडी' पॅकेजांत मार्कर घातले जातात हे मला मुळीच पटत नाही.

एनएसई या मार्करने तर मलाच एकदा चांगले तोंडघशी पाडले. फुप्फुसाच्या 'स्मॉल सेल' म्हणजे लहान पेशींच्या कॅन्सरमध्ये हा मार्कर वाढतो, पण तो तांबड्या पेशींतही असतो. एका रुग्णाचे रक्त मे महिन्याच्या उन्हात तालुक्याच्या गावाहून मोटारसायकलच्या डिकीतून आले, वाटेत पेशी फुटल्या, आणि सीरमला आलेली गुलाबी झाक नजरेआड करून आम्ही साधारण १६ च्या आत असायला हवा तो आकडा ४० च्या वर दिला. त्या घरात दोन दिवस चूल पेटली नाही. नवीन नमुना घेतला तेव्हा आकडा नेहमीसारखा निघाला.

मार्करचा खरा उपयोग निदान झाल्यानंतर सुरू होतो. उपचारापूर्वी एकदा मोजायचा आणि मग त्याच लॅबमध्ये, त्याच यंत्रावर ठरावीक अंतराने मोजत राहायचा, कारण दोन कंपन्यांच्या किटचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. त्यातही उपचाराच्या पहिल्या काही आठवड्यांत सीईए तात्पुरता चढलेला दिसतो, आणि नातेवाईक उगाच हबकतात.

आता दुसरी, डीएनए वाचणारी जनुकांची तपासणी. ती रक्तावर होते तशी तुकड्यावरही होते, आणि कॅन्सर आहे का, हे ती विचारतच नाही. कॅन्सर आहे हे ठरल्यावर तो कशाच्या जोरावर वाढतो आहे, हे ती विचारते. ईजीएफआर हा पेशीच्या पृष्ठभागावरचा एक ग्राहक, म्हणजे बाहेरचा निरोप घेणारे प्रथिन (रिसेप्टर), आहे. वाढीचा निरोप आला की तो आत पोहोचवायचा आणि मग गप्प बसायचे, हे त्याचे काम. त्याच्या जनुकातले एक अक्षर बदलून प्रथिनाच्या ८५८ व्या जागी ल्युसीनऐवजी आर्जिनीन आले, की निरोप नसतानाही तो आत सांगतच राहतो. मोटारीचा स्टार्टर चिकटावा आणि बटण दाबूनही विहिरीवरचा पंप बंद होऊ नये, तसाच हा प्रकार आहे. हा बदल आणि त्याच जनुकाच्या एक्सॉन १९ या खंडातला छोटा भाग गळून पडणे, हे दोन मिळून ईजीएफआरच्या बदलांपैकी ८५ ते ९० टक्के भरतात. ईजीएफआरला अडवणारी गेफिटिनिबची गोळी नेमकी याच रुग्णांना लागू पडते हे २००४ साली उघड झाले. आपल्याकडे अ‍ॅडेनोकार्सिनोमा या जातीच्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या साधारण चार रुग्णांमागे एकात हा बदल सापडतो, आणि ज्यांनी जन्मात बिडी ओढली नाही अशा बायकांत त्याचे प्रमाण जास्त असते.

मग सीईए वाढलेला दिसला की ईजीएफआरचा बदल असणार असे धरून चालता येईल का, असे काही तरुण डॉक्टरही विचारतात. प्रश्न चुकीचा नाही. अ‍ॅडेनोकार्सिनोमाच्या ज्या रुग्णांत सीईए वाढलेला असतो त्यांच्यात हा बदल अधिक वेळा सापडतो, असे चीन आणि जपानमधल्या काही पाहण्यांत दिसले आहे. परंतु अंदाजावर गोळी सुरू करणे किती महागात पडते, हे गेफिटिनिब आणि केमोथेरपी यांची रुग्णांवर तुलना करणाऱ्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या आयपास या औषधचाचणीने दाखवून दिले. तिच्यात रुग्ण निवडलेच होते ते असे, की पाहताक्षणी ईजीएफआरचा संशय यावा: आशियाई, अ‍ॅडेनोकार्सिनोमा झालेले, कधीच किंवा फारसे धूम्रपान न केलेले. तरीही ज्या ४३७ जणांची जनुके तपासता आली त्यांपैकी २६१ जणांतच बदल निघाला, आणि ज्यांच्यात तो नव्हता त्यांचा आजार गोळीवर केमोथेरपीपेक्षा लवकर वाढला. एवढी पारख करूनही दहातले चार चुकत असतील, तर सीईएच्या एका आकड्यावर मी तरी कोणाला गोळी सुरू करा असे म्हणणार नाही.

म्हणून तुकडा लागतो. तो दिसतो कसा, हे मी त्या मुलाला दाखवले: शेवयाच्या काडीएवढा, सेंटिमीटरभर लांबीचा पांढुरका धागा, मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला. त्याचे ३-४ मायक्रॉन जाडीचे काप काढायचे, काहींवर गुलाबी-जांभळा रंग चढवून कॅन्सरची जात ओळखायची, आणि उरलेल्यातून डीएनए काढायचा. ठोकळा दुसऱ्यांदा मशीनवर चढवला की पृष्ठभाग सारखा करण्यातच बराच ऐवज वाया जातो. त्यामुळे संशय फुप्फुसाचा असेल तर मी पहिल्याच बैठकीत जादा काप काढून ठेवते. छातीतले पाणी काढले असेल तर तेही कृपा करून फेकू नका, त्यातल्या पेशी गोळा करूनही हाच ठोकळा बनवता येतो. हात लावल्याने पसरण्याची भीती जुनी आहे, पण सुईच्या मार्गावर कॅन्सर रुजणे अत्यंत विरळा. खरा धोका फुप्फुसाभोवती हवा भरण्याचा आणि थोड्या रक्तस्रावाचा असतो, आणि त्यासाठीच सुईनंतर काही तास रुग्णाला नजरेखाली ठेवतात.

दुसरी रक्ततपासणी खरीच आहे. अमेरिकेत अशा एका ईजीएफआर चाचणीला २०१६ साली मान्यता मिळाली. मात्र गाठीचा डीएनए रक्तात फारच थोडा असतो, आणि दोन-अडीच तासांत त्यातला निम्मा नाहीसा होतो. नेहमीच्या नळीत रक्त तसेच राहिले तर पांढऱ्या पेशी फुटून त्यांचा डीएनए त्यात मिसळतो, म्हणून सांगलीहून पाठवायचे रक्त पेशी टिकवणाऱ्या खास नळीतच घ्यावे लागते. त्यात बदल सापडला तर तो मानावा. नाही सापडला तर तो नाहीच असे म्हणता येत नाही, कारण गाठीने रक्तात पुरेसा डीएनए सोडलेलाच नसेल.

त्या वडिलांचा तुकडा काढला आणि एक्सॉन १९ चा बदल निघाला. रिपोर्टवर 'पॉझिटिव्ह' वाचून मुलाच्या डोळ्यांत पाणी आले. गोळी लागू पडणार ही त्यातल्या त्यात चांगली बातमी आहे, हे समजवायला मला अर्धा तास लागला. मग त्याने आवाज खाली आणून विचारले, की बहिणीचे लग्न ठरते आहे, जीनमधला दोष आहे म्हणजे तिलाही असेल का. हा बदल जन्मजात नसतो, फुप्फुसातल्या पेशींत पुढे आयुष्यात कधीतरी घडतो, आणि मुलाबाळांकडे जात नाही. अपवाद फारच दुर्मीळ. हे मी त्याला कागदावर लिहून दिले.

गेल्या महिन्यात दोघे पुन्हा आले. गोळीवर वर्षभराहून अधिक काळ बरा गेला, मग खोकला परतला आणि सीईए ओळीने तीनदा चढला. गेफिटिनिब घेणाऱ्यांपैकी निम्म्याअधिक जणांत कालांतराने टी७९०एम नावाचा दुसरा बदल उद्भवतो, आणि त्यासाठी ओसिमर्टिनिब ही वेगळी गोळी आहे. मुलाने आधीच मनाची तयारी केलेली दिसली: "परत सुई का, मॅडम?" मी सांगितले की या खेपेला आधी रक्त; त्यात हा बदल सापडला तर सुई टळली, आणि नाही सापडला तर मात्र तुकडा काढावाच लागेल. वडिलांनी त्यातले अर्धेच ऐकले आणि सदऱ्याची बाही वर सरकवली.