भिजका झेंडू आणि साक्याची पेटी

पाडव्याच्या आदल्या दिवशी पुण्यातल्या गुलटेकडीच्या फूलबाजारात पहाटे चारला पोहोचलं तरी उशीरच झालेला असतो. 21 मार्च 2023 ला तर गाळ्यांसमोर पाय ठेवायला जागा नव्हती आणि खाली सगळा चिखल. आधीच्या आठवड्यात राज्यात ठिकठिकाणी अवकाळी पाऊस आणि गारा झाल्या होत्या. झेंडू शेतातच भिजला होता. पण सण काही कुणासाठी थांबत नाही, म्हणून शेतकऱ्यांनी तो तसाच तोडून गोण्यांत भरून पाठवलेला.

आमच्या दुकानाची यादी अशी होती: एका सोसायटीच्या चाळीस दारांची तोरणं आणि फाटकाचा हार होईल एवढा झेंडू, गजऱ्यांसाठी थोडा मोगरा, कडुलिंबाच्या आणि आंब्याच्या डहाळ्या, आणि दुकानात ठेवायला तयार हापूसच्या चार पेट्या.

झेंडूचा हिशेब सोपा असतो. तीन फुटी दाराला झोल धरून चार फुटांचं तोरण लागतं. फुलं मधून ओवून एकमेकांना टेकवली तर त्यात अठ्ठेचाळीस-पन्नास बसतात. मध्यम कलकत्ता झेंडूची किलोत सव्वाशे ते दीडशे फुलं भरतात, म्हणजे दाराला साडेतीनशे-चारशे ग्रॅम. चाळीस दारांना सोळा किलो, फाटकाच्या दुहेरी हाराला अडीच, रांगोळीच्या पाकळ्यांना तीन. साडेएकवीस-बावीस किलो झाले. कोरडा माल असेल तर वर दहा टक्के घट धरायची. भिजक्याला ती तिप्पट धरली तरी कमी पडते.

गोणी वरून बघून काही कळत नाही. वरचा थर वाऱ्याला सुकलेला असतो आणि फुलंही निवडून लावलेली असतात. हात कोपरापर्यंत आत घालायचा. पहिल्याच गाळ्यावर घातला आणि पटकन बाहेर काढला. आत चक्क ऊब होती, झाकून ठेवलेल्या पिठाला असते तशी. मूठभर फुलं वर काढली तर पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या, बुडाशी तपकिरी, आणि झेंडूच्या उग्र वासाऐवजी आंबूस वास. पहाटेच्या गारव्यात मुठीतून वाफ निघताना दिसत होती.

अडत्या म्हणाला, "शेठ, आज सगळ्यांचाच भिजलाय. रेट बघा की."

रेट निम्मा होता, खरं आहे. पण भिजक्या झेंडूत पैसे पाण्याचे जातात. तोडलेलं फूल श्वास घेतच राहतं आणि त्यातून उष्णता सुटते. कोरड्या, सैल भरलेल्या मालात ती निघून जाते. ओल्या आणि ठासून भरलेल्या गोणीत ती आतच कोंडते, बुरशीला नेमकी हीच हवा लागते, आणि मधला भाग संध्याकाळपर्यंत काळा पडतो. तापलेली गोणी फुकट मिळाली तरी घेऊ नये. ओली पण गार असेल तर घ्यावी, लगेच मोकळी करायची तयारी असेल तर.

चौथ्या गाळ्यावर क्रेटमधला माल मिळाला. ओला, पण गार. एक-एक फूल तपासायच्या खुणा तीन. हिरव्या बुडाला चिमटीत दाबायचं. पाण्याचा नुसता थेंब आला तर पावसाचं किंवा मारलेलं पाणी, पिवळट रस आला तर कुजायला लागलंय. देठाचा काप हिरवा हवा. काळसर म्हणजे निदान कालची तोड. आणि दोन पाकळ्या धरून फूल हलवायचं. पाकळ्या हातात आल्या तर ओवताना सुई टोचताक्षणी फूल सुटणार. 32 किलो घेतला.

मोगऱ्यात वेळेचं गणित असतं. कळी पहाटे तोडतात आणि ती संध्याकाळी उमलते. सकाळी टपोरी, पांढरीशुभ्र, टोक मिटलेली कळी घ्यायची. हिरवट आणि कडक कळी उमलतच नाही, टोक सुटलेली दुपारीच उमलून रात्री पिवळी पडते. पाण्यात बुडवून ठेवायची चूक पुष्कळजण करतात. त्याने कळ्या डागाळतात. सुती फडकं भिजवून घट्ट पिळायचं, त्यात कळ्या सैल गुंडाळायच्या आणि झाकण किंचित उघडं ठेवून डब्यात ठेवायच्या.

आंब्याच्या डहाळीला बोट लावून बघावं. पान चकचकीत दिसतं आणि बोटाला चिकटतं तेव्हा ती तकाकी नसते, तुडतुड्यांचा चिकटा असतो. त्यावर काळी बुरशी धरते आणि दाराला मुंग्या लागतात. धुऊन पुसून वापरता येते. कडुलिंब मात्र दोन तासांत मान टाकतो, बादलीत उभाच हवा.

दुकानात आल्यावर पहिलं काम झेंडू पसरण्याचं. सुती चादरींवर सावलीत, चार बोटांपेक्षा जाड थर नाही, वर पंखा, तासाभराने हाताने उलटापालट. प्लास्टिकच्या ताडपत्रीवर खालचं पाणी जिरत नाही, म्हणून ती नको. दुपारी एकपर्यंत पाच किलो फुलं कुजकी म्हणून बाजूला निघाली आणि साधारण सहा किलो नुसतं पाणी उडालं. उरला 21 किलो.

त्याच दुपारी हापूसची भानगड निघाली. पाडवा मार्चमध्ये आला की आमच्या पोटात गोळा येतो. मोहरापासून फळ काढणीला येईपर्यंत ढोबळमानाने चार महिने लागतात, त्यामुळे मार्चमधला आंबा हा अगदी पहिल्या मोहराचा, थोडका आणि महाग. 2024 ला पाडवा 9 एप्रिलला आला तेव्हा गोष्ट वेगळी होती. शिवाय 2023 चा फेब्रुवारी देशात विक्रमी उष्ण गेला होता आणि कोकणही तापलं होतं.

रिवाजाप्रमाणे प्रत्येक पेटीतलं एक फळ कापलं. दुसऱ्या पेटीतला आंबा बाहेरून देखणा, देठाशी घमघमाट, अंगठ्याखाली हवा तेवढाच मऊ. कापल्यावर कोयीभोवती पांढरट, स्पंजासारखा पट्टा, त्यात हवेची भोकं, आणि वास आंबट. यालाच साका म्हणतात. त्याच पेटीतली आणखी तीन कापली, एकात पुन्हा तेच.

साका हा रोग नाही की कीड नाही, म्हणून फवारणीने जात नाही आणि सालीवर उमटत नाही. फळाच्या आतली उष्णता, खालच्या तापलेल्या कातळाची धग, आणि काढल्यावर उन्हात पडून राहणं, ही त्याची नेहमीची कारणं. फळ झाडावर जास्त पक्व झालं की कोय आतल्या आत रुजायच्या तयारीला लागते आणि गराचा सत्त्वांश ओढते, असंही संशोधकांनी मांडलंय. म्हणून आंबा पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास तयार असताना, सकाळी, झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने), देठ ठेवून काढावा आणि ताबडतोब सावलीत न्यावा. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून काढलेल्या 'रत्ना'त साका होत नाही. पण गिऱ्हाईक मागतं हापूसच, त्याला काय करणार.

पेटी परत गेली. व्यापाऱ्याने कुरकुर न करता बदलून दिली, कापलेल्या फोडी बरोबर नेल्या होत्या म्हणून. गिऱ्हाइकानेही हेच करावं: साका निघाला तर फळ टाकून न देता दुकानात आणावं.

बदली आलेली पेटी कच्ची होती. ती भाताच्या पेंढ्यात अढी घालून ठेवली, फळांचे दोन थर, मध्ये पेंढा, आठ-दहा दिवसांच्या बोलीने. कच्चा हापूस फ्रिजमध्ये ठेवला की साल राखट होते आणि फळ नीट पिकत नाही, हे दर वर्षी निदान दहा जणांना सांगावं लागतं. आणि एका रात्रीत सगळी पेटी सारखी पिवळी झाली असेल, वास नसेल आणि गर आत कडक लागत असेल, तर ती कार्बाइडची समजा. त्यावर बंदी आहे. परवानगी आहे ती इथिलीन वायूला, आणि तीही मर्यादित प्रमाणात.

संध्याकाळी सातपर्यंत चाळीस तोरणं झाली. सुकवलेला झेंडू हलका पडतो, त्यामुळे किलोला फुलं जास्त भरली, तरी लहान आणि फाटकी वगळता फाटकासाठी दीड किलोच उरला. मग जुनी युक्ती केली: दर पाच फुलांनी आंब्याचं एक पान दुमडून ओवलं आणि दुहेरीऐवजी एकेरीच हार केला. ओवून झाल्यावर पाणी मारलं नाही. ते सकाळी, तोरण दाराला बांधल्यावर, लांबून एकदाच शिंपडायचं. तशी चिठ्ठी लिहून पहिल्या टोपलीवर टाचली आणि माल रवाना केला.