डिकी लागत नसेल तर आधी रबर बघा

जुन्या एमजीबीची (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) डिकी आपटल्याशिवाय लागत नसेल, तर लगेच लॉकला हात घालू नका. बऱ्याचदा दोष डिकीच्या कडेला बसवलेल्या नव्या रबराचा असतो: जाड, टणक, दबतच नाही. रबर काढून झाकण लावून बघा. अलगद लागलं, तर मऊ, पोकळ रबर आणा.

तरीही अडलं, तर बिजागरीचे बोल्ट थोडे सैल करून दोन्ही बाजूंची फट सारखी करा, मगच स्ट्रायकर (लॉक ज्यात अडकतं तो भाग) एकेक मिलिमीटर सरकवा. आधी त्याच्या कडेने पेन्सिलची रेघ मारा, म्हणजे मूळ जागा हरवत नाही.

शेवटी झाकण आणि रबर यांच्यामध्ये कागदाची पट्टी अडकवून ओढा. जिथे ती सहज सुटते, तिथून कोल्हापूरच्या पावसात पाणी शिरणारच! कोपऱ्यात वाकलेला पत्रा मात्र उद्यमनगरातल्या जाणत्या डेंटरकडूनच सरळ करून घ्या.