तिसरा गिअर आणि 61 चा आकडा

उभं राहून जोर लावला की तिसरा गिअर सुटतो आणि माणूस थेट दांडीवर आदळतो, ही तक्रार घेऊन ती सायकल माझ्याकडे आली. रॉड ब्रेक, मागच्या चाकाला 40 आरे, पुढच्याला 32, आणि मागच्या चाकाच्या मध्यावर स्टर्मी-आर्चर कंपनीचा, पोटात तीन गिअर असलेला एडब्ल्यू हब. मालकांचं म्हणणं स्पष्ट होतं. आजोबांनी ती 1952 साली कोरी घेतली होती, तर आता सगळं बफ करून नवं क्रोम चढवा. हबचं आतलं काम जमलं तर बघा, नाहीतर चाकच बदला.

मी आधी आतलंच बघायला घेतलं. या हबात केबल ढिली असते तेव्हा तिसरा गिअर लागतो आणि पूर्ण ताणली की पहिला. त्यामुळे पारख सोपी आहे: केबलच सोडून टाकायची. सोडली, तरी गिअर सुटत होता. म्हणजे दोष केबलचा नाही, पोटातला. केबल पिळत बसण्यात लोक अख्खी दुपार घालवतात, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

उजव्या बाजूच्या छर्‍यांच्या रिंगवर खाच असते. तिथे पंच लावून हातोड्यानं उलट दिशेला ठोकलं की रिंग सुटते. पण त्याआधी रिंग आणि हबचं बाहेरचं कवच या दोन्हींवर मिळून एक खूण करावी लागते. रिंगच्या आट्या दोन तोंडांच्या असतात, म्हणजे ती दोन जागांवरून चढू शकते. बसवताना चुकीच्या तोंडानं चढली तर चाकाचा आऊट, म्हणजे रिमचा वाकडेपणा, पुन्हा काढावा लागतो.

आतलं तेल वाळून तपकिरी चिकटा झाला होता. कुत्रे, म्हणजे एकाच दिशेला जोर पकडणारे छोटे खटके, जागच्या जागी चिकटलेले, त्यांच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगांपैकी एक तुटलेली. सगळं रॉकेलमध्ये टाकलं. धुऊन निघाल्यावर चारही छोटे ग्रहचक्र (मधल्या दात्यांभोवती फिरणारी दातेरी चक्रं) उत्तम निघाले, दात जसेच्या तसे. खरा गुन्हेगार क्लच होता. फुलीच्या आकाराचा हा तुकडा तिसऱ्या गिअरमध्ये ग्रहचक्रांच्या पिनांची टोकं पकडतो आणि मागच्या दातेरी चक्राच्या एका फेऱ्यामागे चाकाला एक पूर्णांक एक तृतीयांश फेरे देतो. त्याचे कोपरे झिजून गोल झाले होते. हलक्या पायानं चालवलं की धरायचा, जोर आला की घसरायचा. भंगारातल्या दुसऱ्या एडब्ल्यू हबचा क्लच काढला, कोपरे धारदार होते, तोच बसवला.

कवच मात्र बफिंगला दिलं नव्हतं. गंज किती खोल आहे ते बघावं म्हणून अॅल्युमिनियमची फॉइल पाण्यात बुडवून घासत होतो. क्रोमवरचा वरवरचा गंज त्यानं निघतो, ओरखडे पडत नाहीत. एडब्ल्यू अक्षरं दिसू लागली आणि शेजारी उमटलं: 61, मग 4. या हबवर बनवल्याचं साल आणि महिना ठोकलेला असतो. एप्रिल 1961. सायकल 1952 ची आणि हब नऊ वर्षांनी लहान!

मालकांना फोटो पाठवला. त्यांनी आत्याला विचारलं. आत्या म्हणाल्या, मागचं चाक एकदा ट्रकखाली गेलं होतं, वडिलांनी, म्हणजे मालकांच्या आजोबांनी, दुसरं टाकून घेतलं. घरात बाकी कुणाला हे ठाऊकच नव्हतं.

"मग हे चाक आजोबांचं नाहीच का?" मालक जरा हिरमुसले. मी म्हटलं, अहो, पहिल्या चाकावर नऊ-दहा वर्षं गेली असतील, पुढची सगळी याच्यावर. आणि हेही सांगितलं की हे आकडे फार उथळ असतात; बफिंगच्या चाकाखाली एकदा गेले की परत दिसायचे नाहीत.

हबचं क्रोम रद्द झालं. हँडलचं नाही. त्याच्या क्रोमखाली गंजानं खड्डे पाडले होते, तिथे घासून काही साधणार नव्हतं, ते मीच प्लेटिंगला पाठवायला सांगितलं. जुनं ते सगळंच राखायचं, हा हट्ट मला पटत नाही.

जोडताना उजवा कोन, म्हणजे छरे ज्यावर फिरतात तो शंकूसारखा नट, हातानं घट्ट करून अर्धा फेरा मागे घेतला, छर्‍यांना ग्रीस आणि आत फक्त पातळ तेल. केबल दुसऱ्या गिअरवर जुळवली: उजव्या नटच्या भोकातून बघितलं की आतल्या दांड्याचं टोक धुर्‍याच्या टोकाशी सपाट दिसायला हवं. मग चढावर तिसऱ्या गिअरमध्ये उभा राहून पायडल मारलं. गिअर सुटला नाही. मालकांनी स्वतः दोन फेऱ्या मारल्या, पण चढावर मात्र ते बसूनच राहिले.